बेंग्त सरांबरोबर अमरावती ते अकोला

पुण्याच्या ज्या शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे, तिथले सहकारी मला कधी कधी विचारतात, तुमच्या अमरावती-अकोल्याकडे बघण्यासारखं काय आहे? मी दरवेळी संत्री आणि मेळघाट अशी दोन नावं घेऊन वेळ मारून नेतो. या फेब्रुवारीत मी तिकडे आठवडाभर जाऊन आलो. बरोबर स्वीडनचे एक प्रशिक्षक होते, बेंग्त ओस्लिंग. वय एकसष्ट, आइस हॉकीचे जुने खेळाडू. आमच्याकडच्या मुलींना चाकांच्या स्केट्सवरची हॉकी शिकवायला ते आले होते आणि मी त्यांचा दुभाषी होतो. काय पाहिलं, काय खाल्लं ते सांगतोच. पण तिथे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती चौदा वर्षांच्या एका मुलीला भोवली. ती वगळून लिहिलं तर हे सगळं वर्णन खोटं ठरेल, म्हणून तीही लिहितो.

बडनेरा

मी अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. शारीरिक शिक्षणाचा अभ्यास मी अमरावतीला केला, बडनेऱ्याला गाडीतून उतरून पुढे ऑटोने जायचो. त्याच फलाटावर आता मी परदेशी पाहुण्याची बॅग घेऊन उतरत होतो. याचा मला किती अभिमान वाटत होता ते लपवत नाही.

घ्यायला वानखडे भाऊ आले होते. ते बडनेऱ्यालाच रेल्वेत ट्रॅकमन आहेत. रोज रुळावरून चालत जाऊन रूळ तपासायचे, हे त्यांचं काम. पाळी संपवून तसेच आले होते, अंगात केशरी जाकीट. सर अमरावतीच्या मुलींच्या ज्या संघाला शिकवणार होते, त्या संघाची सगळ्यात चांगली खेळाडू म्हणजे त्यांची मुलगी प्रांजली. तिने बेंग्त सरांना संत्र्यांची पिशवी दिली आणि वाकून नमस्कार केला. सर गडबडले. त्यांना वाटलं तिचं काहीतरी खाली पडलं, म्हणून तेही वाकले.

"पाय पाह्यते काय बावा हे माझे?" प्रांजली मला म्हणाली आणि वडिलांनी तिच्यावर डोळे वटारले.

सरांनी खिशातून एक निळी वही काढली आणि मला म्हणाले, हिला विचार, आज सकाळी काय खाल्लंस?

"पोहे," प्रांजली म्हणाली. "रोज पोहेच राह्यते आमच्याकडं."

सरांनी तिच्या नावाचं पान केलं आणि त्यावर ते लिहून घेतलं. पाहुण्याने आधी आपल्या जेवणाची चौकशी केली, म्हणून वानखडे भाऊ खूश झाले. त्या वहीचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

अमरावती, दोन दिवस

रिंक म्हणजे सिमेंटचा घोटलेला चौक आणि भोवती कमरेइतकी भिंत. फेब्रुवारी असूनही दहा वाजताच सिमेंट तापायचं. सर डोक्याला ओला रुमाल बांधून उभे राहायचे. त्यांनी पहिल्या दिवशी दिवसभर मुलींना एकही गोल मारू दिला नाही. फक्त उलटं जायला शिकवलं.

दुपारी प्रांजलीने विचारलंच, "सर, पुढं जायचं सोडून आमी मांगं काहून जाऊन राहिलो?"

मी इंग्रजीत सांगितलं. सर हसले. म्हणाले, "मी बचावपटू होतो. माझा सगळा जन्म मागे जाण्यात गेला. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत मागे जायचं. त्याच्या काठीकडे बघशील तर फसशील. तो काय करणार ते चेहऱ्यावर आधी दिसतं."

मग त्यांनी तोंडात बोट घालून पुढचे तीन दात काढून तळहातावर घेतले. ते खोटे होते. मुली किंचाळल्या आणि मग पोट धरून हसल्या. "एकदा चेहऱ्याकडे बघायला विसरलो," सर म्हणाले, "त्याची ही आठवण."

संध्याकाळी मी त्यांना गिला वडा खायला नेलं. अमरावतीचा हा पदार्थ पुण्यात मिळत नाही. वडा भिजवलेला, वर दही, वर तिखट. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी दुसरी प्लेट मागितली. वड्याच्या हातगाडीशेजारच्या बाकावर बसून त्यांनी मला आपली हकीकत सांगितली.

स्वीडनच्या उत्तरेला त्यांचं गाव. गावात कागदाची गिरणी आणि गिरणीच्या मागे उघडं बर्फाचं मैदान. वडील गिरणीत कामाला. पाळी संपली की मैदानावर पडलेला भुसभुशीत बर्फ ते फावड्याने बाजूला ओढायचे आणि मग पोरं खेळायची. सतराव्या वर्षी बेंग्त मोठ्यांच्या संघात गेले. चौदा हिवाळे खेळले. त्यातले दोन शहराच्या मोठ्या संघात, बाकीचे गावाच्या. उन्हाळ्यात गिरणीतच काम. देशाकडून खेळायला कधी मिळालं नाही.

"डोक्याला मार किती वेळा बसला ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "तेव्हा उग्र वासाची बाटली नाकाला लावायचे. डोळे उघडले की पुन्हा बर्फावर. एक अख्खा हिवाळा मला आठवत नाही. माझी मुलगी त्याच हिवाळ्यात झाली."

गुडघा गेल्यावर ते गावाच्याच संघाचे प्रशिक्षक झाले. अकरा वर्षं चांगली गेली. नंतर योन नावाचा वीस वर्षांचा मुलगा एका सामन्यात धडकून पडला. उठून बाकावर आला. बेंग्त सरांनी विचारलं, ठीक आहेस? तो म्हणाला, हो. सर म्हणाले, जा. थोड्या वेळाने त्याला दुसरा मार बसला. आता तो चाळिशीला आला आहे, एका संस्थेत राहतो, त्याची आई त्याला भरवते. बेंग्त सर भेटायला जातात तेव्हा तो त्यांना भलत्याच नावाने हाक मारतो.

त्यानंतर सरांनी मोठ्यांचा खेळ सोडला. देशोदेशी फिरून फक्त लहानांना शिकवू लागले. आणि एक नियम केला. पडलेल्या खेळाडूला "ठीक आहेस का" असं कधीच विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर एकच असतं. तीन प्रश्न विचारायचे. सकाळी काय खाल्लं, आत्ता आपण कुठे आहोत, शेवटचा गोल कुणी केला. एक उत्तर जरी चुकलं तरी मुलाने काठी ठेवायची.

"म्हणून ती वही," ते म्हणाले. "प्रत्येक जण पहिल्या दिवशी कसं उत्तर देतो ते मला माहीत हवं."

बार्शीटाकळी

सामना अकोल्याला होता. आदल्या दिवशी मी सरांना घरी नेलं. अकोल्याहून तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळं रान. तूर निघून गेलेली, कुठे कुठे कपाशीची पऱ्हाटी उपटून ढीग लावलेले. सरांना कापसाची वाळलेली बोंडं हातात घेऊन बघायची होती, म्हणून ऑटो थांबवला.

आईने रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून, वांग्याच्या भाजीबरोबर. वडिलांनी सरांच्या पानात चौथा रोडगा टाकला तेव्हा सरांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं.

"खा म्हना," वडील म्हणाले. "आन् इचार त्याले, तिकडं समदं बरफच हाय तं पिकते काय?"

"बटाटे," सर म्हणाले. "आणि हॉकीचे खेळाडू."

वडील बराच वेळ हसत होते. निघताना त्यांनी सरांच्या खांद्यावर शेला टाकला.

गावातून जाताना मी त्यांना माझी प्राथमिक शाळा दाखवली. आमच्या गुरुजींची गोष्ट सांगितली. मी चौथीत असताना तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मला उभं करून भागाकार विचारला आणि माझी बोबडी वळली. गुरुजी साहेबांच्या पाठीमागे उभे होते. त्यांनी आवाज न करता ओठ हलवले. मी उत्तर दिलं आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. आमच्याकडे सगळ्याच शाळांत असं चालायचं. पाहुण्यासमोर पोरगं उघडं पडू द्यायचं नाही, हा मास्तरांचा जिव्हाळा होता. त्या दिवशी मी रडत खाली बसलो असतो तर कदाचित पुढे शिकलोही नसतो, असं मला वाटतं. तसं मी सरांना सांगितलंही.

"पण मग त्या साहेबांना तुला काय येत नव्हतं ते कधी कळलंच नाही," सर म्हणाले.

मी हसून विषय बदलला.

अकोला

सामन्याच्या दिवशी सकाळी मुलींना मी स्वतःच्या हाताने उपमा वाढला. हे मुद्दाम लिहितो.

मैदानाभोवती बरीच माणसं जमली होती. मुलींच्या आया भिंतीला टेकून उभ्या होत्या. जिंकलेल्या संघातून राज्याच्या संघासाठी मुली निवडणार होते आणि प्रांजलीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पहिल्या अर्ध्यात आमच्या खुशीने एक गोल केला. मग प्रांजली चेंडू घेऊन भिंतीजवळून वळत असताना समोरच्या मुलीवर आदळली. हेल्मेटसकट तिचं डोकं सिमेंटवर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज आला.

ती लगेच उठून बसली. सर धावत गेले, मी त्यांच्या मागे. सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, मी शेजारी.

"काय खाल्लं सकाळी?" मी विचारलं.

"पोहे," ती पुटपुटली. भोवतालच्या गलक्यात तिचा आवाज फक्त माझ्यापर्यंत पोचत होता.

मी सरांना सांगितलं, उपमा.

का सांगितलं? त्या क्षणी मला वाटलं, घाबरली आहे. एवढी माणसं बघत आहेत, समोर गोरा साहेब बसला आहे, सवयीने पोहे तोंडात आलं. रोज पोहेच खाते ती. तिला येतंय, फक्त तोंडातून निघत नाही. असंच वाटलं मला.

"आपण कुठं आहो आता?"

तिने भिंतीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं. "अमरावती."

मी सांगितलं, अकोला.

"शेवटचा गोल कोणी केला?"

"खुशीनं." हे बरोबर होतं. मला इतकं हायसं वाटलं की आधीची दोन्ही उत्तरं मी मनातल्या मनात बरोबर धरून टाकली. सर माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "उठ वं प्रांजली, काई नाई झालं!" ती उठली. टाळ्या पडल्या.

आठ-दहा मिनिटांनी ती पुन्हा पडली. धक्का अगदी साधा होता. या वेळी उठली नाही. ओकारी झाली आणि तिचा उजवा हात आपोआप आखडला.

रुग्णालय

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पहिल्या मारानंतर तिला बसवलं असतं तर बहुधा थोड्या दिवसांच्या विश्रांतीवर भागलं असतं. दुसऱ्या माराने मेंदूत रक्त साकळलं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

बेंग्त सर बाहेरच्या बाकड्यावर वही मांडीवर घेऊन बसले होते. "मी विचारलं होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तिन्ही उत्तरं बरोबर आली. योनला विचारलंच नव्हतं, हिला विचारलं. तरीही. म्हणजे माझे प्रश्न काही कामाचे नाहीत. इतकी वर्षं मी देशोदेशी लोकांना ते शिकवत फिरलो."

मी त्यांना पाणी आणून दिलं. त्याशिवाय काही केलं नाही.

वानखडे भाऊ बडनेऱ्याहून आले. सर उठून उभे राहिले, डोक्यावरचा रुमाल काढला आणि मला म्हणाले, "यांना सांग. तिला परत मैदानात मी पाठवलं. दोष माझा आहे. शब्द बदलू नकोस."

मी एक शब्दही बदलला नाही. त्यांचं वाक्य जसंच्या तसं मराठीत सांगितलं. त्या आठवड्यातलं ते माझं सगळ्यात अचूक भाषांतर असेल, आणि सगळ्यात मोठं खोटंही तेच.

वानखडे भाऊंनी सरांचे दोन्ही हात धरले. "त्याहिले म्हना, असं नका बोलू. तुमी इतक्या दूरून आमच्या पोट्टीसाठी आले. तुमचा काय दोष? नशिबाले कोन काय करते?"

तेही मी सांगितलं. सर खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तिने डोळे उघडले तिसऱ्या दिवशी. आईला ओळखलं. पाणी मागायचं होतं, पण पाणी हा शब्द सापडेना. ती हाताने ग्लासाचा आकार करून दाखवत राहिली.

अकोला स्टेशन

सरांची गाडी सकाळची होती. फलाटावर चहा पिताना ते म्हणाले, आता परत कुठे शिकवायला जाणार नाही. घरी जाईन, रविवारी योनकडे जाईन, बस.

तीन दिवस दाबून ठेवलेलं तेव्हा बाहेर आलं. पोहे, उपमा, अमरावती, अकोला, सगळं सांगितलं. गुरुजींची गोष्ट पुन्हा सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला.

ते रुळांकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे प्रश्न चांगले होते," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. उत्तरं ऐकताना मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो. चौदा हिवाळे मी तेवढं एकच काम केलं, आणि त्या दिवशी नेमकं तेच चुकलो." मग ते माझ्याकडे वळले. "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं ते रुग्णालयात आहेत."

"तुम्ही पुन्हा शिकवाल ना, सर?"

"नाही," ते म्हणाले.

गाडी आली. चढताना त्यांनी निळी वही माझ्या हातात ठेवली. "तिच्या पानावर फक्त पहिला दिवस आहे. पुढचं तू लिही." त्यांनी हात मिळवला नाही. आत जाऊन बसले ते खिडकीपाशी पुन्हा आले नाहीत.

स्टेशनवरून मी ऑटोने सरळ रुग्णालयात गेलो. वानखडे भाऊ जिन्यात बसून डबा खात होते. वहिनी, म्हणजे प्रांजलीची आई, शेजारी होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. भाऊंनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"सर," ते म्हणाले, "मी रोज रुळावर चालतो. रुळाले तडा दिसला तं लाल झेंडी दाखोतो. गाडीत कोनता साहेब बसला हाय ते पाहत नाई. गाडी लेट झाली तं होऊ दे. तुमी शिकले-सवरले मानसं. तुमाले तडा दिसला होता."

"हो."

"मंग झेंडी काहून नाई दाखोली?"

ते ओरडले असते तर मी पाया पडलो असतो, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.

"आता येत जा," थोड्या वेळाने भाऊ म्हणाले. "शाळा बुडली तिची. डॉक्टर म्हंते रोज काईबाई इचारत राहा, लिहून ठेवा. आमाले ते जमत नाई."

पुन्हा बडनेरा

त्यानंतर दोन वेळा जाऊन आलो. महिन्यातल्या एका शनिवारी निघतो, रविवारी परत फिरतो. रेल्वेच्या क्वार्टरसमोर कडुनिंबाखाली प्रांजली खुर्चीवर बसलेली असते. केस नुकते उगवू लागले आहेत. उजव्या हातात अजून पेन टिकत नाही. स्केट्स कुठे ठेवले आहेत ते मी विचारलं नाही.

परवा गेलो तेव्हा वही उघडली. वर सरांच्या बारीक अक्षरात तारीख आणि पोहे. त्याखाली माझं अक्षर.

"प्रांजली, आज सकाळी काय खाल्लं?"

ती विचार करू लागली. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळून पाहिलं. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. पो. हे.

"सांगू नका, वहिनी," मी म्हणालो.

त्या थांबल्या. तोंडाला पदर लावला. बाजूच्या रुळावरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. मी प्रांजलीच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो कपाळाशी आवळला, सैल झाला, पुन्हा आवळला.

गाडी गेल्यावर ती म्हणाली, "आठवत नाई, सर."

मी वहीत तारीख घातली आणि तेच लिहिलं.